दोन आरक्षणे : पुण्याचा विकास आराखडा, नगररचनाकारांची संस्था आणि आपला प्रश्न

पुण्यात आरक्षण या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आरक्षण संविधानातले. त्याबद्दल पेठेतल्या कट्ट्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत प्रत्येकाला मत असते आणि ते मत काय असते, हे आपल्याला सांगायला नको. दुसरे आरक्षण विकास आराखड्यातले. एखादा भूखंड प्राथमिक शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मैदानासाठी किंवा बेघर झालेल्यांच्या घरांसाठी राखून ठेवला, की त्यालाही आरक्षणच म्हणतात. पहिल्या आरक्षणाला हात लागला तर आपण रस्त्यावर उतरतो. दुसरे आरक्षण उठते तेव्हा आपल्याला पत्ताही लागत नाही. एक फाईल फिरते, राजपत्रात चार ओळी छापून येतात आणि शाळेच्या जागी टॉवर उभा राहतो.

हे दुसरे आरक्षण गेल्यावर नुकसान कोणाचे होते? ज्याच्याकडे खाजगी शाळेची फी आहे, क्लबचे सदस्यत्व आहे, मोठ्या हॉस्पिटलचा विमा आहे, त्याचे फारसे काही बिघडत नाही. महापालिकेची शाळा, महापालिकेचा दवाखाना आणि सार्वजनिक मैदान ज्यांना लागते ते ताडीवाला रोड, कासेवाडी, लोहियानगर, जनता वसाहत, येरवड्यातले लोक. म्हणजे आपले लोक. तेव्हा हा आराखडा कोण काढतो, त्याला ते ज्ञान कोण देतो आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, हे प्रश्न आंबेडकरी चळवळीचेच आहेत. या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका संस्थेशी आपली गाठ पडते. तिचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया, म्हणजे आयटीपीआय. देशातल्या नगररचनाकारांची ही राष्ट्रीय व्यावसायिक संस्था. वकिलांची बार कौन्सिल आपल्याला ठाऊक असते, डॉक्टरांची परिषदही ठाऊक असते. या संस्थेचे नाव मात्र आपल्यातल्या शंभरातल्या एकालाही माहीत नसेल.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. कोणी कुठे वसायचे, हा प्रश्न बाबासाहेबांनी हक्काचा प्रश्न म्हणून मांडला. स्वतंत्र भारताने त्याचा तांत्रिक प्रश्न केला आणि तंत्रज्ञांच्या हवाली केला. त्या तंत्रज्ञांच्या संस्थेने व्यवसायाला प्रतिष्ठा दिली, शिस्त दिली. पण सामाजिक न्यायाची जबाबदारी स्वतःवर घेतली नाही. आता या व्यवसायासाठी नवी वैधानिक परिषद नेमण्याची चर्चा सुरू आहे. ती आपल्याशिवाय झाली, तर पुढची पन्नास वर्षेही अशीच जातील.

गावकूस हीच पहिली झोनची रेषा

नगररचना हे शास्त्र इंग्रजांनी आणले असे पाठ्यपुस्तकात शिकवतात. शास्त्र इंग्रजांनी आणले असेल. रचना आपल्याकडे आधीपासून होती. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या गावाचा नकाशा काढा. पाटलाचा वाडा कुठे, देऊळ कुठे, पाणवठा कुठे आणि महारवाडा, मांगवाडा कुठे, हे पाहा. बहुतेक ठिकाणी महारवाडा पूर्वेला, गावाच्या खालच्या अंगाला सापडेल. गावकूस ही आपल्याकडची पहिली झोनची रेषा होती. तिच्या आत कोणी राहायचे आणि बाहेर कोणी, हे जातीने ठरवले होते. ती रेषा मोडणाऱ्याला शिक्षा होती आणि ती रेषा कागदावर काढायची गरज कोणाला पडली नव्हती.

पेशव्यांच्या पुण्यात तर माणसाच्या थुंकीवर आणि पावलावरही झोन होता. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू यांचा दाखला बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात दिला, तो याच शहराचा.

या रचनेला पुण्यातच पहिला तडा गेला. १८६८ मध्ये जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हे समाजसुधारणेचे काम होते हे आपण वाचतो; पण ते नगररचनेचेही काम होते. सार्वजनिक सुविधा कोणाला उपलब्ध असावी, हा नगररचनेतला पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जोतिरावांनी स्वतःच्या अंगणात दिले. ते नुसते विचारवंत नव्हते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या माध्यमातून त्यांनी बांधकामाचे ठेके घेतले होते. सरकारी कामात दगड, चुना आणि पैसा कुठून कुठे जातो हे त्यांनी जवळून पाहिले होते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नव्या मंडईच्या अवाढव्य खर्चाला विरोध करणाऱ्यांत ते होते. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती रे मार्केट या नावाने उघडली. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. नाव आपले झाले. पण शहराचा पैसा कोणासाठी खर्च व्हावा हा त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

ज्याचा सातबारा त्याचाच नकाशा

आधुनिक नगररचना पुण्यात आली ती प्लेगच्या मागून. १८९६–९७ च्या साथीने दाट वस्त्यांची भीती घातली. ज्यांना शक्य होते ते पेठा सोडून मोकळ्या जागेत गेले आणि पुढच्या काही दशकांत नदीपलीकडे भांबुर्डे, एरंडवणे, डेक्कन जिमखाना असे नवे, ऐसपैस, बागांचे पुणे वसले. तिथे कोण गेले आणि पूर्वेकडच्या पेठांत कोण राहिले, हे पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही.

१९१४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने सल्लागार सर्वेक्षकाचे कार्यालय पुण्यात उघडले. आजच्या राज्य नगररचना विभागाचे ते मूळ. या विभागाचे मुख्यालय आजही पुण्यातच आहे. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, मुंबई नगररचना कायदा झाला. देशातला असा तो पहिला कायदा. त्यात नगररचना योजनेची पद्धत आली आणि ती समजून घेतल्याशिवाय आपला मुद्दा कळणार नाही.

पद्धत अशी. एखाद्या भागातल्या सगळ्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढून घ्यायच्या. उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड पाडून मूळ मालकांना त्यांच्या हिश्श्याप्रमाणे परत द्यायचे. जमीन थोडी कमी होते. पण रस्ता, गटार आल्यामुळे तिची किंमत वाढते. मालक खूश, सरकार खूश. पद्धत हुशार आहे यात शंका नाही. पण हिशोबाच्या वहीत नोंद कोणाची? ज्याचे नाव मालकी हक्काच्या रकान्यात आहे त्याची. त्याच जमिनीवर झोपडी बांधून राहणारा, तिथल्या वीटभट्टीवर राबणारा, शेतावर सालदार असणारा यांच्यासाठी त्या वहीत रकाना नव्हता. ज्या समाजाला हजारो वर्षे जमीन धारण करू दिली नाही, त्याला जमिनीच्या मालकीवर उभारलेल्या शास्त्रात जागा मिळणार कशी? कायद्यात जातीचे नावही नव्हते. गरजच नव्हती. सातबारा जातीचे काम चोख करत होता.

आपल्याकडे जी जमीन होती ती वतनाची. तिच्या बदल्यात गुलामी होती; म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. वतने पुढे खालसा झाली; पण शहर वाढत गेले तशी याच जमिनींवर सगळ्यांची नजर गेली. आराखड्यात हिरवा रंग जाऊन पिवळा आला, म्हणजे शेतीची जमीन निवासी झाली, की पडीक तुकड्याचे सोने होते. मुंढव्यातल्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तो उगीच नाही. रंग बदलणार हे ज्याला आधी कळते तो श्रीमंत होतो. आपल्याला ते नेहमी शेवटी कळते.

१९४७ चा वसाहत आयोग आणि १९५१ ची संस्था

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. गावगाड्यात राहून अस्पृश्याची सुटका नाही. त्याला स्वतंत्र वस्ती आणि स्वतःची जमीन पाहिजे, अशी ती मागणी होती. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्राचे सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याकडे होते. त्याच काळात त्यांनी सरकारला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या आणि सरकारी बांधकामाच्या ठेक्यांत वाटा मागितला. नुसती कारकुनी नको, तंत्र हातात पाहिजे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात त्यांनी ही मागणी घटनेच्या भाषेत लिहिली. घटनेनेच एक वसाहत आयोग स्थापन करावा, सरकारी पडीक जमीन त्याच्या ताब्यात विश्वस्त म्हणून द्यावी, अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी ती वापरावी आणि केंद्राने त्यासाठी दरवर्षी ५ कोटी रुपये बाजूला काढावेत, असे त्यात होते. जमीन, निधी आणि घटनात्मक यंत्रणा या तिन्ही गोष्टी एकत्र. नगररचनेच्या कोणत्याही विद्यार्थ्याने हे कलम वाचावे. भारतात वसाहतींच्या न्याय्य मांडणीसाठी केलेला हा सर्वात स्पष्ट प्रस्ताव आहे आणि नगररचनेचा इतिहास सांगताना तो सांगितला जात नाही.

तो प्रस्ताव घटनेत आला नाही. दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, देशातल्या नगररचनाकारांनी इंडियन बोर्ड ऑफ टाउन प्लॅनर्स हे मंडळ स्थापन केले. त्यातूनच जुलै १९५१ मध्ये आयटीपीआय जन्माला आली. नमुना लंडनचा होता. तिथे १९१४ पासून टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट चालत होती. फाळणीनंतर लाखो निर्वासितांसाठी नगरे वसवायची होती, चंडीगडसारखी नवी राजधानी उभी करायची होती. प्रशिक्षित माणसे थोडी होती, शिक्षणाची सोय नव्हती. अशा वेळी व्यवसायाने स्वतःची संस्था काढणे योग्यच होते. पण बाबासाहेबांच्या प्रस्तावात वसाहत हा हक्क होता आणि आयोग त्या हक्काचा राखणदार होता. नव्या संस्थेच्या दृष्टीने वसाहत हा अभ्यासाचा विषय होता आणि संस्था त्या अभ्यासकांची राखणदार होती. एकाच्या केंद्रस्थानी माणूस होता, दुसरीच्या केंद्रस्थानी व्यवसाय.

संस्थेने काय दिले, काय दिले नाही

टीका करायची तर आधी श्रेय द्यावे. आयटीपीआयने या देशात नगररचनेला स्वतंत्र व्यवसाय म्हणून ओळख मिळवून दिली. अभ्यासक्रमांना मान्यता, सदस्यत्वाचे निकष, वार्षिक परिषदा, नियतकालिक, सरकारला सल्ला ही तिची कामे. तिने स्वतःची परीक्षाही घेतली. नोकरी करणारा आरेखक किंवा सर्वेक्षक कॉलेजात न जाता ही परीक्षा देऊन नगररचनाकार होऊ शकत होता. ज्यांच्या घरात दोन वर्षे पूर्णवेळ शिकायला पैसा नसतो त्यांच्यासाठी हे दार फार महत्त्वाचे होते. आपल्या चळवळीने त्या दाराकडे कधी पाहिलेच नाही, हेही तितकेच खरे.

संस्थेचा सर्वात मोठा प्रभाव दिसतो तो १९९६ मध्ये. केंद्र सरकारसाठी शहर विकास आराखडे कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. ती तयार केली आयटीपीआयने. २०१४ मध्ये केंद्राने नवी तत्त्वे आणली, तोपर्यंत देशभरच्या आराखड्यांवर या पुस्तकाची छाया होती. इतक्या लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, इतक्या लोकसंख्येमागे एक दवाखाना, निवासासाठी एवढे टक्के जमीन, रस्त्यांसाठी एवढे, ही सगळी भाषा तिथली.

‘इतक्या लोकसंख्येमागे’ हा शब्दप्रयोग निरुपद्रवी वाटतो. सगळी गोम इथेच आहे. लोकसंख्या म्हणजे एकसारख्या माणसांचा ढीग असे गृहीत धरले, की सरासरी निघते. एका प्रभागात एका बाजूला बंगले आणि दुसऱ्या बाजूला वस्ती असेल, तर सरासरीने मैदान पुरेसे असते. फक्त ते बंगल्यांच्या बाजूला असते. शाळेसाठी माणशी जागा मोजली जाते. पण ती जागा वस्तीपासून किती दूर, मधे हायवे आहे का, सातवीतल्या मुलीला तो एकटीने ओलांडता येतो का, हे मोजले जात नाही. अनुसूचित जातींची वस्ती ही आराखड्याच्या पाहणीतली एक नोंद असावी, तिच्यात सुविधा किती कमी आहेत हे आधी मोजावे आणि ती तूट आधी भरावी, असा नियम व्हायला हवा होता. तो झाला नाही. मग राज्याला दलित वस्ती सुधारण्यासाठी वेगळ्या योजना काढाव्या लागल्या. शहरांसाठी अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची योजना आहे. त्या योजनेतून फरशी बसते, समाजमंदिर होते, दिवे लागतात. पण वस्तीखालची जमीन आराखड्यात रस्त्याची म्हणून दाखवलेली असेल, तर ती फरशी एके दिवशी बुलडोझरखाली जाते. सरकारचे एक खाते सुधारते, दुसरे पाडते आणि दोन्ही नियमानेच चालतात.

पुण्यातल्या तीन कसोट्या

हे सगळे पुण्यात प्रत्यक्षात कसे घडते, ते तीन प्रकरणांत पाहू.

पहिले प्रकरण प्रभात रोडचे. १९८७ च्या आराखड्यात एरंडवण्यातला अंतिम भूखंड क्रमांक ११० प्राथमिक शाळेसाठी राखीव होता. १९९० च्या दशकात, मनोहर जोशी मुख्यमंत्री असताना, तो मोकळा करण्यात आला आणि तिथे त्यांच्या जावयाशी संबंधित बहुमजली निवासी इमारत उभी राहिली. महापालिका प्रशासनाने सुरुवातीला विरोध नोंदवला होता. तो टिकला नाही. जागरूक पुणेकर कोर्टात गेले. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरक्षण उठवणे बेकायदा ठरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे एका शाळेच्या भूखंडासाठी बारा वर्षांहून जास्त लढाई. या काळात जी मुले पहिलीत जायची होती ती कामाला लागून संसारीही झाली असतील. इथे प्रश्न असा : सरकारी नगररचनाकाराने ‘हे चुकीचे आहे’ असे फाईलवर लिहिले, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहते? वरून दबाव आल्यावर त्याने सही केली, तर त्याला जाब कोण विचारतो? वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आणि परिषद आहे, वकिलांसाठी १९६१ चा कायदा आणि बार कौन्सिल आहे. नगररचनाकारांसाठी तसा कायदा नाही. त्यांच्या संस्थेला प्रामाणिक माणसाला वाचवण्याचाही कायदेशीर अधिकार नाही आणि लबाडाची सनद काढून घेण्याचाही नाही, कारण सनदच नाही.

दुसरे प्रकरण २००७ ते २०२७ या काळासाठीच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचे. तो प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध झाला २०१३ मध्ये, म्हणजे मुदत सुरू होऊन सहा वर्षे गेल्यावर. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार हरकती ऐकायला नियोजन समिती असते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारी बाजूने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ बसतात. पुण्यात नगरसेवक आणि तज्ज्ञ यांचे एकमत झाले नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडाच महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांची समिती नेमली. मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. वीस वर्षांच्या आराखड्याची पहिली दहा वर्षे अशी गेली. याच कायद्याचे कलम १२७ सांगते, की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत राखीव जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठराविक मुदतीत सरकार हलले नाही, तर आरक्षण आपोआप संपते. म्हणजे आरक्षण संपवायला भ्रष्टाचारही लागत नाही, आळस पुरतो.

या सगळ्यात वस्तीतला माणूस कुठे होता? समितीत नगरसेवक होता, तज्ज्ञ होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींसाठी नगरसेवकपदे राखीव झाली, हे बाबासाहेबांच्या घटनेचे देणे. पण ‘तज्ज्ञ’ या खुर्चीला कोणतेही सामाजिक निकष नाहीत. तज्ज्ञ म्हणजे ज्याला नगररचनेचे ज्ञान आहे तो. आणि ज्ञान आहे की नाही हे सांगणार व्यवसाय. तो व्यवसाय कोणाचा आहे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

तिसरे प्रकरण आंबिल ओढ्याचे. हा ओढा कात्रजकडून येतो. पेशवाईत शहर वाढवण्यासाठी त्याचा प्रवाह वळवला होता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला आणि पुण्यात वीसहून अधिक माणसे गेली. त्यानंतर ओढा सरळ करण्याच्या कामाला वेग आला आणि २४ जून २०२१ रोजी, करोनाच्या काळात, भर पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरे पाडण्यात आली. कोर्टाने त्याच दिवशी कारवाई थांबवली. पूर ओढ्याच्या काठच्या झोपडीमुळेच येतो का? वरच्या अंगाला डोंगर फोडून, नाले बुजवून, पात्रात भराव टाकून ज्या इमारती झाल्या, त्यांची परवानगी कोणी दिली? पाणी उतारावरून येते. पण दोष मात्र पायथ्याशी राहणाऱ्याला चिकटतो. ओढ्याचा वरचा आणि खालचा भाग एकत्र पाहून, पाणी कोण अडवते आणि बुडते कोण हे सांगणे, हे नगररचनाकाराचेच काम. त्या दिवशी वस्तीच्या बाजूने असा नकाशा घेऊन उभा राहणारा एक नगररचनाकार असता तर?

‘तंत्राला जात नसते’

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला : नगररचना हे तंत्र आहे, तंत्राला जात नसते. हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. गुणवत्तेलाही जात नसते, असे आपल्याला याच शहरात सांगितले गेले. रस्ता किती रुंद असावा हे तंत्र आहे. तो कोणाच्या घरावरून न्यावा, हे तंत्र नाही. तो निर्णय आहे. पट्टी सरळ ठेवून रेघ ओढली, म्हणजे निर्णय तटस्थ झाला असे होत नाही.

दुसरा आक्षेप : बिचारे नगररचनाकार काय करणार, निर्णय तर पुढारी आणि बिल्डर घेतात. यात तथ्य आहे आणि प्रभात रोडचे प्रकरण त्याला साक्ष आहे. पण व्यवसायाची संस्था असते ती नेमकी यासाठीच. एकटा अधिकारी दबावाखाली वाकतो. संस्था त्याच्या वतीने बोलू शकते. अमेरिकेत हेच झाले. १९३० च्या दशकात तिथे काळ्या वस्त्यांभोवती नकाशावर लाल रेघा ओढून त्यांना कर्ज नाकारले गेले. पुढे पुनर्विकासाच्या नावाखाली त्या वस्त्यांवरून हायवे नेले. १९६५ मध्ये पॉल डेव्हिडॉफ या नगररचनाकाराने आपल्याच व्यवसायाला सांगितले, की नगररचनाकार तटस्थ नसतो, त्याने वकिलासारखे दुबळ्याची बाजू घेऊन उभे राहावे. या विचाराचा दबाव वाढत गेला. आज तिथल्या व्यावसायिक आचारसंहितेत वंचितांच्या गरजांची विशेष जबाबदारी नगररचनाकारावर टाकलेली आहे. ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. काळ्यांच्या कवितेचे, त्यांच्या रस्त्यावरच्या लढ्याचे वारस आपण झालो. नकाशावरच्या त्यांच्या लढ्याचे वारस व्हायचे राहिले.

आता काय

सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने शहर नियोजनाच्या क्षमतेवर अहवाल दिला. त्यानुसार देशातल्या ७,९३३ शहरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांना आराखडाच नाही. राज्यांच्या नियोजन खात्यांत नगररचनाकारांची १२ हजारांहून अधिक पदे लागतील; मंजूर आहेत ३,९४५ आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी. याच अहवालात नगररचनाकारांसाठी राष्ट्रीय वैधानिक परिषदेची शिफारस आहे. व्यवसायाला कायद्याचे बळ मिळावे, हे योग्यच आहे. पण कायदा झाला की परिषदेत कोण बसणार, अभ्यासक्रम काय असणार, आचारसंहितेत काय लिहिले जाणार, हे एकदा ठरेल आणि दीर्घकाळ टिकेल. मसुदा तयार होण्याआधी बोलायचे असते. नंतर आपल्या हाती फक्त निवेदन उरते.

म्हणून चार मागण्या आजच पुढे ठेवल्या पाहिजेत. एक, होणाऱ्या परिषदेवर अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि स्त्रियांचे प्रतिनिधित्व कायद्यानेच असावे. दोन, परिषदेच्या आणि आयटीपीआयच्या आचारसंहितेत वंचित वस्त्यांप्रति विशेष जबाबदारी स्पष्ट लिहावी आणि ती मोडणाऱ्यावर कारवाईची तरतूद असावी. तीन, प्रत्येक विकास आराखड्याच्या पाहणीत अनुसूचित जातींच्या वस्त्या, त्यांतल्या सुविधांची तूट आणि त्यांखालच्या जमिनीचा आराखड्यातला दर्जा यांचा स्वतंत्र नकाशा असावा. चार, नगररचनेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात १९४७ चा वसाहत आयोगाचा प्रस्ताव शिकवावा.

मागण्या करून भागत नाही, माणसेही तयार करावी लागतात. पुण्यात तर त्यासाठी दूर जायला नको. पूर्वीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सीओईपी विद्यापीठात, नगररचनेचे शिक्षण मिळते. राज्य नगररचना विभागाचे मुख्यालय इथेच आहे. सहायक नगररचनाकाराच्या परीक्षेला सिव्हिलचे अभियंते आणि वास्तुविशारद बसू शकतात. रचना सहायक पदासाठी पदविकाधारकही. आपल्या वस्त्यांतून दरवर्षी सिव्हिलची पदवी-पदविका घेऊन मुले-मुली बाहेर पडतात आणि साईटवर सुपरवायझर होतात. त्यांच्यापर्यंत ही परीक्षा पोहोचवणे हे विहारातल्या अभ्यासिकेचे काम आहे. आपण एमपीएससी म्हटले की तहसीलदार आणि फौजदार एवढेच पाहतो. फौजदार पाडकामाला बंदोबस्त देतो. पाडकाम कुठे होणार हे त्याच्या आधी पंधरा वर्षे नगररचनाकाराने रेघ ओढून ठरवलेले असते.

आणि जे अभियंते होणार नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आजूबाजूची गावे मोठ्या संख्येने आली. जुन्या हद्दीच्या आराखड्याची मुदत २०२७ ला संपते. म्हणजे येत्या काही वर्षांत नकाशे पुन्हा काढले जाणार. प्रत्येक वस्तीने आपला सर्व्हे नंबर, आपल्या जमिनीवरचा आराखड्यातला रंग आणि जवळच्या राखीव भूखंडाची अवस्था आजच काढून ठेवावी. माहिती अधिकारात अर्ज करावेत. हरकतीची मुदत सुरू झाली की एकाच मजकुराच्या हजार प्रती देण्यापेक्षा शंभर घरांची शंभर वेगळी कारणे द्यावीत आणि सुनावणीला समक्ष उभे राहावे. चवदार तळ्याचे पाणी सगळ्यांना खुले आहे, असा ठराव महाड नगरपालिकेने १९२७ च्या आधीच केला होता. ठराव होता, पण पाण्यापर्यंत माणूस पोहोचला नव्हता. बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ठरावाला अर्थ आला. आराखड्यातली शाळा, मैदान, घरे यांचेही तसेच आहे. ती कागदावर आपलीच आहेत. तिथपर्यंत चालत जायचे आहे.

जय भीम!